रॉक बँडच्या गाण्यांत त्यांच्या काळचा समाज खरंच दिसतो का?

तुमचा प्रश्न असा की रॉक बँडची गाणी त्यांच्या काळच्या समाजाबद्दल खरोखर काही सांगतात, की अभ्यासक मागाहून तो अर्थ चिकटवतात. सगळ्या बँडांचं मला माहीत नाही. ब्लॅक सॅबथपुरतं सांगतो. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो. आजूबाजूला फाउंड्र्या आहेत, आणि हा बँडही इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातला, म्हणजे कारखान्यांच्याच वस्तीतला.

माझं उत्तर: सांगतात, पण शब्दांपेक्षा आवाजातून जास्त.

गिटारवाला टोनी आयोमी 17 वर्षांचा असताना शीट मेटलच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. एका बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं होतं, म्हणून नोकरी सोडलेली; कामाचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायची इच्छाच नव्हती, पण आई म्हणाली, घेतलेलं काम पुरं करून ये. त्या दिवशी पत्र्याच्या प्रेस मशीनवरचा माणूस आला नव्हता, म्हणून ह्याला त्या मशीनवर उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा.

प्रेसवर नवखा माणूस उभा करायची ही गोष्ट वाचली तेव्हा मला इंग्लंड लांबचं वाटलंच नाही. ‘आजच्या दिवस सांभाळून घे’ हे वाक्य आमच्याकडे अजून ऐकू येतं. जुन्या प्रेसवाल्यांत एखादं पेर गेलेला माणूस फार शोधावा लागत नाही. आमच्या शेजारच्या शेडमधले एक काका चहाचा ग्लास अंगठा आणि करंगळीत धरतात, इतक्या सहज की नवीन पोराच्या चार दिवस लक्षातही येत नाही.

आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबताना दुखायचं, म्हणून बारीक तारा लावल्या. पुढं 1971 च्या अल्बमवर गिटार बरीच खाली उतरवून लावली, म्हणजे तारा आणखी सैल. त्यातून तो जड, खर्जातला आवाज पक्का झाला. सगळं श्रेय कापलेल्या बोटांना देणं भाबडेपणाचं होईल, कारण गीझर बटलरचा बास आणि बिल वॉर्डचे जॅझकडं झुकणारे ड्रम काढून घेतले तर त्या आवाजात फारसं काही उरत नाही. पण कारखान्यानं माणसाच्या हाताचं काय केलं ते त्या आवाजात आहे, आणि ते कुणी मागाहून चिकटवलेलं नाही.

बाकीच्यांचंही थोडंफार तसंच. गायक ऑझी ऑस्बॉर्न खाटीकखान्यात राबला, गाड्यांचे हॉर्न बनतात तिथं राबला, चोरीपायी तुरुंगातही जाऊन आला. चौघंही 1948-49 च्या सुमाराला जन्मलेले, लहानपणी महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी पडलेल्या जागांत खेळलेले. 1967 मध्ये केसांत फुलं माळायची गाणी जोरात होती. ॲस्टनमधल्या पोरांना ती कुठून जवळची वाटणार? फेब्रुवारी 1970 मध्ये ह्यांचा पहिला अल्बम आला, समीक्षकांनी झोडपला, आणि लोकांनी विकत घेऊन ब्रिटनच्या यादीत आठव्या नंबरावर नेला.

शब्दांत थेट समाज शोधायचा तर त्याच वर्षीच्या दुसऱ्या अल्बमवरचं ‘वॉर पिग्ज’ घ्या. व्हिएतनाम युद्ध चालू होतं. ब्रिटननं तिथं सैन्य पाठवलं नव्हतं आणि सक्तीची भरती 1960 मध्येच थांबलेली, तरी उद्या आपल्यालाही ओढतील ही धास्ती त्या वयाच्या पोरांत होती. गाण्याचा रोख साधा आहे: लढाया ठरवतात एक, मरायला जातात गरिबाघरची पोरं. अल्बमला हेच नाव द्यायचं होतं, पण कंपनीनं ते बदलून ‘पॅरानॉइड’ केलं. आता ह्यालाही समाजच म्हणायचं.

बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. खानापूर, चंदगडकडची पोरं भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. आमच्या घरातले एक मामा हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना हे गाणं ऐकवलं तर आधी म्हणाले, “हा कशाला ओरडालाय रे?” अर्थ सांगितल्यावर थोडं गप्प बसले आणि म्हणाले, “चूक हाय. आमच्यात साहेब पुढं असतोय, साहेब पण मरतोय. पुढाऱ्यांचं म्हणत असंल तर बरोबर.” मला ही टीका कुठल्याही समीक्षकापेक्षा नेमकी वाटली. गीत लिहिणारा गीझर कधी फौजेत नव्हता. त्याला फौज माहीत नव्हती, फौजेबाहेरच्या पोरांची भीती माहीत होती.

आता जे दिसत नाही ते. त्याच काळात बर्मिंगहॅमच्या आसपासच्या फाउंड्र्यांत पंजाबी आणि वेस्ट इंडियन कामगार मोठ्या संख्येनं होते. एनॉक पॉवेल ह्या ब्रिटिश खासदाराचं स्थलांतरितांविरुद्धचं कुप्रसिद्ध भाषण एप्रिल 1968 मध्ये बर्मिंगहॅममध्येच झालं, आणि बँड बनला तोही त्याच वर्षी, त्याच शहरात. त्यांच्या पहिल्या अल्बमांत मात्र ह्याचा मागमूस नाही. भट्टीपाशी शेजारी उभा असलेला माणूस गाण्यात आलाच नाही. म्हणून ‘समाजाचं प्रतिबिंब’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुठल्या समाजाचं?

आपल्याकडची रीत वेगळी. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना’त बेळगाव, कारवारची नावं घेऊन सीमाभागाचं दुःख सांगितलंय, मुंबईला पोटासाठी गेलेल्या माणसाच्या विरहाला जोडून. ते गाणं चळवळीसाठीच लिहिलेलं, त्यात आडपडदा नाही. आमच्या आधीच्या पिढीला ते तोंडपाठ. पण 1956 नंतर सीमाभागातला माणूस दिवसभर कुठल्या मशीनवर उभा होता, ते मला सीमाप्रश्नाच्या गाण्यांत फारसं सापडलं नाही. तेही एका अर्थी पॉवेलच्या काळातल्या सॅबथसारखंच.

ऐकायला सुरुवात करायची तर ‘विकेड वर्ल्ड’पासून करा. पगारासाठी रोज कामावर जाणाऱ्या बाईचा उल्लेख त्यात सरळ येतो. मग ‘वॉर पिग्ज’, मग व्हिएतनामहून अमली पदार्थांची सवय घेऊन परतलेल्या सैनिकांवरचं ‘हँड ऑफ डूम’. आणि मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, बास येतच नाही. साधा हेडफोन लावला तरी चालेल.