वाचकांचे प्रश्न : गावातील दंतवैद्य आणि दातांचे संशोधन

प्रश्न : मी एका तालुक्याच्या गावी अठरा वर्षांपासून दातांचा दवाखाना चालवतो. आजवर दोनदा दंत महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थी माझ्याकडे आले, छापील फॉर्म देऊन गेले आणि मी ओपीडी सांभाळून ते भरून दिले. त्यातून काय निष्पन्न झाले, हे मला कोणीही कळवले नाही. आता तिसऱ्यांदा विचारणा झाली आहे. संशोधन हे महाविद्यालयांचेच काम आहे, असे मला वाटू लागले आहे. माझ्यासारख्याने त्यात पडावे का, आणि पडायचे तर कोणत्या अटींवर?

उत्तर : आपली नाराजी रास्त आहे. मी स्वतः अनेक वर्षे दंत महाविद्यालयात सामाजिक दंतशास्त्र शिकवले आहे आणि अशा फॉर्मांचे गठ्ठे विभागाच्या कपाटात पडून राहिलेले पाहिले आहेत. तरीही संशोधन हे फक्त महाविद्यालयांचे काम आहे, हा आपला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्याचे कारण एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

स्कॉटलंडमध्ये डॉ. नॉर्ना हॉल नावाच्या एक दंतवैद्य सर्वसाधारण दवाखाना चालवत असत. त्या भागात लहान मुलांच्या दुधाच्या दाढा किडण्याचे प्रमाण मोठे होते, आणि सुई व ड्रिल यांना घाबरणाऱ्या मुलांच्या दाढा पाठ्यपुस्तकात सांगितल्याप्रमाणे भरणे अवघड जात असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी एक वेगळाच मार्ग धरला. भूल न देता, दाढ न कोरता आणि कीडही न काढता, बाजारात तयार मिळणारी स्टीलची टोपी सिमेंट भरून त्या थेट दाढेवर बसवत. टोपीखाली कायमच्या बंद झालेल्या किडीला तोंडातून पोषण मिळेनासे होते आणि ती पुढे सरकण्याचे थांबते किंवा अगदी मंदावते, असा त्यामागचा विचार होता. कीड पूर्ण काढल्याशिवाय दात बंद करू नये, हे आपण सगळे ज्या नियमावर वाढलो, त्याच्या हे थेट विरुद्ध होते.

हे काम दवाखान्यापुरतेच राहिले नाही, कारण डॉ. हॉल यांनी नोंदी ठेवल्या होत्या. डंडी विद्यापीठातील संशोधकांनी त्या नोंदी तपासल्या, तेव्हा २५९ मुलांच्या दाढांवर बसवलेल्या ९७८ टोप्यांचा हिशेब हाती लागला, आणि त्या टोप्यांचे आयुष्य नेहमीच्या फिलिंगच्या तोडीचे असल्याचे दिसले. हे विश्लेषण २००६ साली ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावर डॉ. हॉल यांचे नाव सहलेखक म्हणून होते. विद्यापीठाने त्यांच्याकडून निव्वळ माहिती उचलून नेली नाही.

मात्र एका दंतवैद्याच्या जुन्या नोंदी म्हणजे पुरावा नव्हे, हेही त्या संशोधकांना ठाऊक होते. टोपी बसवणाऱ्या हाताचे कौशल्य आणि रुग्णांची निवड यांचा परिणाम त्यात मिसळलेला असतो. म्हणून स्कॉटलंडच्याच टेसाइड भागात नीट आखलेली चाचणी झाली, आणि ती महाविद्यालयाच्या रुग्णालयात न होता १७ सर्वसाधारण दंतवैद्यांच्या दवाखान्यांत झाली. १३२ मुलांपैकी प्रत्येकाच्या तोंडातील दोन सारख्या किडलेल्या दाढा घेऊन, चिठ्ठी टाकावी तसे एका दाढेवर टोपी आणि दुसरीवर त्या दंतवैद्याचा नेहमीचा उपचार असे ठरवण्यात आले. ‘नेहमीचा उपचार’ कोणता हे संशोधकांनी ठरवून दिले नव्हते. मला ही रचना फार महत्त्वाची वाटते, कारण त्यामुळे पुस्तकातल्या आदर्श फिलिंगशी तुलना न होता गावात प्रत्यक्ष होणाऱ्या फिलिंगशी झाली. पाच वर्षांनंतर, दाढेत पू होणे किंवा ती काढावी लागणे अशा प्रकारचे मोठे अपयश टोपी बसवलेल्या दाढांमध्ये ३ टक्के, तर नेहमीच्या उपचाराच्या दाढांमध्ये १६.५ टक्के आढळले. भरलेले सिमेंट निघून जाणे किंवा पुन्हा कीड लागणे यांसारखे किरकोळ अपयश अनुक्रमे ५ आणि ४२ टक्के होते. आज ही पद्धत डॉ. हॉल यांच्याच नावाने जगभर शिकवली जाते.

महाविद्यालयात येणारा रुग्ण आणि आपल्या खुर्चीत बसणारा रुग्ण एक नसतो. महाविद्यालयात वेळ मुबलक असतो, फी कमी असते, देखरेखीला शिक्षक असतात, आणि गुंतागुंतीचे रुग्ण तेथे पाठवले जातात. आपल्याकडे येणारा शेतमजूर दुसऱ्या भेटीला येईल की नाही, याची खात्री नसते. तीन भेटींत करावयाचा उपचार महाविद्यालयात यशस्वी ठरला, तरी तो आपल्याकडे चालेलच असे नाही. हे तपासण्याची जागा आपला दवाखाना हीच आहे.

ब्रिटनमध्ये या जाणिवेतून मोठ्या चाचण्या दवाखान्यांतच झाल्या. सहा महिन्यांनी, वर्षाने स्केलिंग (दातांवर साचलेला थर खरवडून काढणे) करणे किंवा अजिबात न करणे यांत हिरड्यांच्या आरोग्यात फरक पडतो का, हा अगदी साधा प्रश्न घेऊन ६३ दवाखान्यांतील १८७७ प्रौढांचा तीन वर्षे पाठपुरावा झाला आणि फरक आढळला नाही. येथे मला सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. ते लोक नियमित तपासणीला येणारे होते. तंबाखू, मशेरी आणि गुटखा यांची सवय असलेल्या आपल्या रुग्णांना तो निकाल जसाच्या तसा लागू करणे चुकीचे ठरेल, आणि आपल्या रुग्णांबाबतचे उत्तर स्कॉटलंडमध्ये मिळणारही नाही.

गावातील दंतवैद्याच्या नजरेला मोल असते याचे जुने उदाहरण अमेरिकेतील आहे. डॉ. फ्रेडरिक मॅके यांनी १९०१ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे व्यवसाय सुरू केला, तेव्हा स्थानिक लोकांच्या दातांवरील तपकिरी डाग पाहून ते चकित झाले. पुढे डॉ. ग्रीन ब्लॅक यांच्यासारख्या नामवंत संशोधकाला त्यांनी त्या कामात ओढले. पाण्यातील फ्लोराइड हे त्या डागांचे कारण असल्याचे १९३१ साली उलगडले, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी. यवतमाळ किंवा चंद्रपूर जिल्ह्यांतील ज्या गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तेथील दंतवैद्य असे दात रोज पाहतात. ते कोणत्या गावाहून, कोणते पाणी पिऊन आले याची नोंद केसपेपरवर व्हावी, एवढेच मागणे आहे.

आता अटींविषयी. फॉर्म हाती पडण्याआधी, म्हणजे प्रश्न ठरत असतानाच, आपल्याला बैठकीला बोलवावे, ही माझ्या मते पहिली आणि सर्वांत मोठी अट असावी. माझा अनुभव असा की, बहुतेक अभ्यास फसतात ते प्रश्न दंतवैद्याचा नसल्यामुळे. तसा प्रश्न सोडवण्यासाठी कोणीही दुपारच्या जेवणाचा वेळ देत नाही. संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते का, हे तपासणाऱ्या नोंदणीकृत एथिक्स कमिटीच्या मंजुरीची प्रत मागून घ्यावी. उपचारांची चाचणी असेल, तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी तिची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली आहे का, ते पाहावे. २००७ पासून सुरू असलेल्या या नोंदणीला शुल्क नाही, त्यामुळे ती टाळण्याला सबब उरत नाही. आपल्या वेळेचा मोबदला अंदाजपत्रकात असावा, निष्कर्ष लेखी कळवण्याची मुदत ठरलेली असावी आणि आपला वाटा खरोखर मोठा असेल तर लेखकांत आपले नाव असावे. हे मागण्यात संकोच करू नये.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या किडलेल्या दाढेवर कीड न काढताच टोपी बसवण्याचा अभ्यास आमच्या डॉक्टरांकडे सुरू आहे, आणि तिला त्यात घेऊ का, असे त्यांनी विचारले. नाही म्हटले तर ते नाराज होतील, अशी भीती वाटते. हा मुलीवर प्रयोग आहे का?

उत्तर : ही पद्धत नवखी किंवा अघोरी नाही. टेसाइडच्या ज्या चाचणीचा उल्लेख वर केला आहे, तिच्यात पसंती व्यक्त केलेल्या मुलांपैकी ७७ टक्क्यांना आणि पालकांपैकी ८३ टक्क्यांना टोपीच अधिक बरी वाटली होती. मात्र दाढ रात्री ठणकत असेल, हिरडीवर पुवाची पुळी आली असेल किंवा एक्स-रेमध्ये कीड नसेपर्यंत पोहोचलेली दिसत असेल, तर ही टोपी योग्य नाही. आपल्या मुलीच्या दाढेबाबत हे तपासले आहे का, असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. टोपी चांदीच्या रंगाची दिसते आणि बसवल्यावर काही दिवस दाढा नीट मिटत नाहीत, हेही आधी सांगितलेले असावे.

आपल्या भीतीबद्दल मात्र मला अधिक सविस्तर लिहायचे आहे. ज्या डॉक्टरांवर आपला विश्वास आहे, त्यांनीच विचारल्यावर नकार देणे जड जाते, आणि दवाखान्यातील संशोधनाची ही खरी नाजूक बाजू आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभाग पूर्णपणे ऐच्छिक असतो, केव्हाही कारण न देता बाहेर पडता येते, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात काहीही कमी-जास्त होता कामा नये. संमतीपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत, असले पाहिजे. ते घरी नेऊन वाचावे, घरच्यांशी बोलावे आणि चार दिवसांनी उत्तर द्यावे. मूल सात वर्षांचे झाले की पालकांच्या संमतीबरोबर त्याचा स्वतःचा तोंडी होकारही घ्यावा लागतो. आपली मुलगी त्या वयाच्या अलीकडे असली, तरी तिला काय होणार आहे ते तिच्या शब्दांत समजावून सांगावे, असे मला वाटते.

प्रश्न : मी सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. शहरातील चाळीस दंतवैद्यांना प्रबंधासाठी फॉर्म दिले, परत आले फक्त सहा. फोन केला की ‘पुढच्या आठवड्यात’ असे सांगतात. काय करावे?

उत्तर : तुमचा फॉर्म किती पानांचा आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही, तो दोन पानांपेक्षा मोठा असेल तर आधी तो कापा. जी माहिती केसपेपरवर आधीच असते, ती दंतवैद्याकडून पुन्हा लिहून घेऊ नका; त्यांच्या परवानगीने आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीने, रुग्णांची नावे वगळून, ती तुम्ही स्वतः जाऊन उतरवून घ्या. अनेकांना वाटते की ही आपल्या कामाची तपासणी आहे आणि आपल्या चुका महाविद्यालयात चर्चिल्या जातील. दवाखान्याचे नाव कोठेही येणार नाही, हे तोंडी न सांगता लेखी द्या.

त्या सहा जणांकडे पुन्हा जा, आणि या वेळी फॉर्म नेऊ नका. ओपीडी संपल्यावर बसा आणि त्यांना रोज अडवणारा प्रश्न कोणता आहे ते विचारा. तुमच्या मार्गदर्शकांना पटले तर प्रबंधाचा विषय त्या उत्तरांकडे थोडा वळवा. मंजूर आराखड्यात बदल होत असेल तर एथिक्स कमिटीकडे दुरुस्ती मांडावी लागेल, त्यासाठी वेळ धरून चाला. आणि हाती आलेल्या सहा फॉर्मांतून जे काही दिसते आहे, ते एका पानावर मराठीत लिहून या महिन्यातच त्या सहा जणांना पोहोचते करा.