जादा सळी टाकली की बीम पक्का होतो का?

प्रश्न : फुलेवाडीत घर बांधतोय. चार मीटर गाळ्याचा बीम आहे, २३० बाय ४५० मिमी, एम २० ताकदीचं काँक्रीट. डिझाइनरनं खाली १६ मिमीच्या तीन सळया दिल्यात. ठेकेदार म्हणतात, ‘चौथी टाकू, बीम जन्मभर हलणार नाही.’ टाकू का?

उत्तर : डिझाइनरला विचारल्याशिवाय अजिबात टाकू नका. ठेकेदारांचा हेतू चांगलाच आहे, पण नुसतं लोखंड वाढवून बीम भरवशाचा होत नाही.

बीम वाकतो तेव्हा वरचं काँक्रीट दाबलं जातं आणि खालची सळी ताणली जाते. वरच्या कडेचा स्ट्रेन (मूळ लांबीच्या मानानं आकुंचन) ०.००३५ झाला की काँक्रीट चुरडतं, असं काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६ धरतं. त्याआधी सळी यील्ड झालीच पाहिजे, म्हणजे न तुटता कायमची ताणली जायला लागली पाहिजे. ती आधी यील्ड झाली तर बीम झुकतो, तडे रुंदावतात, गिलावा सुटतो आणि घरातल्या माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. काँक्रीट आधी चुरडलं तर बीम न सांगता जातो.

आता तुमचा बीम. ४५० मधून कव्हर (सळ्यांबाहेरचं काँक्रीट) २५, सळ्यांभोवतीची रिंग ८ आणि सळीचा अर्धा व्यास ८ वजा केला की इफेक्टिव्ह डेप्थ, म्हणजे वरच्या कडेपासून सळीच्या मध्यापर्यंतची खोली, साधारण ४१० मिमी राहते. एफई ५०० दर्जाच्या सळीसाठी न्यूट्रल ॲक्सिस (दाब संपून ताण सुरू होतो ती रेषा) वरून या खोलीच्या ०.४६ पटींपर्यंतच, म्हणजे १८९ मिमीपर्यंत, उतरू देतात. तीन सळयांचं क्षेत्रफळ ६०३ चौरस मिमी होतं, न्यूट्रल ॲक्सिस वरच्या कडेपासून १५८ मिमी खाली येतो आणि बीम ९० किलोन्यूटन-मीटर मोमेंट (वाकवणारा जोर) घेतो. चौथी सळी आली की क्षेत्रफळ ८०४ होतं आणि न्यूट्रल ॲक्सिस २११ मिमीपर्यंत खाली उतरतो. मर्यादा ओलांडली! ताकद कमी होत नाही, पण हिशेबात १०३ किलोन्यूटन-मीटरच्या पुढे काही धरता येत नाही आणि बीमचा स्वभाव बदलतो : सळीच्या आधी काँक्रीट चुरडू शकतं. वरच्या हँगर सळयांचा (रिंगा अडकवायला वर टाकलेल्या सळयांचा) थोडा हातभार लागतो, पण तो डिझाइनरनं मोजायचा.

जास्त ताकद हवीच असेल तर बीमची खोली ५२५ करा. त्याच चार सळया मर्यादेत बसतात. एम २५ काँक्रीट घेतलं तरी बसतात, पण मग मिक्सरमध्ये वरून पाणी ओतू द्यायचं नाही. आणखी एक : कोयनेचे धक्के आपल्याला नवीन नाहीत. भूकंपात कॉलमच्या आधी बीम यील्ड व्हावा लागतो, म्हणून बीम मनानं जड करणं तिथंही अंगाशी येतं.

प्रश्न : डिझाइन करताना भार १.५ नं गुणतो, पुन्हा काँक्रीटची ताकद १.५ नं आणि सळीची १.१५ नं भागतो. एकच सुरक्षितता दोनदा घेतली असं नाही का होत? (सिव्हिलचा विद्यार्थी, कसबा बावडा)

उत्तर : नाही. पहिला आकडा भाराच्या अंदाजातल्या चुकीसाठी, दुसरे दोन मालातल्या फरकासाठी. सळी कारखान्यात मोजूनमापून तयार होते, म्हणून तिला १.१५ पुरतो, सळीच्या ताकदीच्या सूत्रातला ०.८७ तिथूनच (१ भागिले १.१५) येतो. काँक्रीट आपण साइटवर, उन्हापावसात बनवतो. त्याला मोठाच आकडा लागतो.

प्रश्न : बीमच्या मधोमध खालून केसासारखे तडे दिसतात. धोका आहे का? (उचगाव)

उत्तर : ताणाखालचं काँक्रीट तडकतं हे डिझाइनमध्ये धरलेलंच असतं. आडोशाच्या जागी ०.३ मिमीपर्यंतचा तडा सहसा चालतो. पण तडा सळीच्या लांबीनं जात असेल, तांबूस डाग उतरत असतील किंवा टेकूजवळ तिरका असेल, तर लगेच इंजिनिअरला दाखवा.

प्रश्न : राजारामपुरीत बाल्कनीचा स्लॅब उद्या भरायचा आहे. काय बघू?

उत्तर : एकच गोष्ट बघा, पण भरणी संपेपर्यंत तिथून हलू नका. बाल्कनी एका बाजूनंच धरलेली असते, त्यामुळे ताण वर येतो आणि मुख्य सळी वर लागते. घमेली घेऊन माणसं तिच्यावरून चालतात आणि ती खाली दबते. स्लॅब १२५ मिमीचा, कव्हर २० आणि सळी १० मिमीची असेल तर इफेक्टिव्ह डेप्थ १०० होते. सळी २५ मिमी दबली की ताकद चौथ्या हिश्श्याहून जास्त घटते, आणि वरून काहीच दिसत नाही. सळी तळाला गेली तर ती नसल्यातच जमा. म्हणून सळीखाली चेअर (तिला वर धरणारे छोटे टेकू) जवळजवळ लावायला सांगा, चालायला फळ्या टाका आणि सळ्या आतल्या स्लॅबमध्ये नकाशात दाखवल्याइतक्या लांब गेल्यात का ते टेपनं मोजा. काँक्रीट पडत असताना हाताशी एक लोखंडी हूक ठेवा. दबलेली सळी तेव्हाच वर ओढता येते.