शेळ्यांचं आवार आणि वर्गसमीकरण

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. ‘वर्गसमीकरणं कुठे लागतात?’ विचारतो. काय सांगू?
– एक आई, सिन्नर

उत्तर : ताई, शिकवत होतो तेव्हा मलाही हे धड सांगता यायचं नाही. निवृत्तीनंतर शेळ्यांच्या आवारासाठी 40 मीटर जाळी आणली. एका बाजूला गोठ्याची लांब भिंत, तीन बाजूंना जाळी. गवंडी म्हणाला, “चौरस करा, गुरुजी.” त्यात जेमतेम 178 चौरस मीटर मिळत होते. भिंतीला काटकोनातली बाजू क्ष धरली, तर क्षेत्रफळ = क्ष(40 − 2क्ष), म्हणजे 40क्ष − 2क्ष²; क्षचा वर्ग आला, हेच वर्गसमीकरण. क्ष 8 घ्या किंवा 12, उत्तर 192च. मधोमध 10 घेतला की पुरते 200! मुलाला आलेख काढू द्या, माथा 10वरच येईल. शेळ्यांनी मात्र आठवड्यात जाळी वाकवली.