पितांबरी लांब ठेवा! रोमन ब्राँझ नाण्यांबद्दल तुमचे प्रश्न

रोमन नाणी म्हणजे लाखांचा खेळ असणार ना? मी कॉलेजात आहे, बजेट फार तर दोन-तीन हजार. (पुणे)

जमेल की! सोन्याचं बघूच नका, पण चौथ्या शतकातलं ब्राँझ ढिगाने मिळतं कारण ते पाडलंच ढिगाने. सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या पोरांच्या काळात लंडनपासून अलेक्झांड्रियापर्यंत डझनावर टांकसाळी चालू होत्या. त्यात आजच्यासारख्या बँका नसल्यामुळे लोक पैसे सरळ मडक्यात भरून पुरायचे, आणि बरेच जण ते काढायला परत आलेच नाहीत. त्याच्या आधीच्या, म्हणजे तिसऱ्या शतकातल्या नाण्यांचं उदाहरण सांगतो, २०१० मध्ये इंग्लंडात फ्रोम गावाजवळ एका रांजणात ५२ हजारांवर नाणी निघाली. एका रांजणात!

त्यामुळे अक्षरं नीट दिसणारं एखादं साधं नाणं बाहेरच्या डीलरकडे २०-३० डॉलरला मिळून जातं, पोस्टेज आणि कस्टम वेगळं धरा. पहिलं घ्यायचं तर दोन सैनिक आणि मधे लष्करी निशाणं असलेलं घ्या. ३३० ते ३३५ मध्ये दोन निशाणं असायची, मग नाणं लहान केलं आणि दुसऱ्या निशाणाला जागाच उरली नाही. किंवा मग लांडगीचं दूध पिणारी रोम्युलस आणि रेमसची जोडी (रोम वसवण्याच्या दंतकथेतले जुळे भाऊ), ते कोणालाही दाखवलं तरी आवडतं. माझं मत विचाराल तर पाच घासलेल्या नाण्यांपेक्षा वाचता येणारं एकच बरं.

ऑनलाइन २० 'अनक्लीन्ड' नाण्यांचा लॉट घेतला. मातीची ढेकळंच आहेत. आई म्हणते चिंच लाव नाहीतर पितांबरी, तांब्या कसा लख्ख होतो. लावू का? (लेस्टर)

आईंना नमस्कार सांगा आणि पितांबरीचा डबा लपवून ठेवा. चिंच, लिंबू, व्हिनेगर, काही म्हणजे काही लावायचं नाही. नाण्यावर जो हिरवा, तपकिरी किंवा काळा थर दिसतो ना, त्याला पॅटिना म्हणतात आणि १,६०० वर्षांत धातूची वरची कातडी त्याच थरात गेलेली असते, म्हणजे सम्राटाचं नाक, कान, अक्षरं सगळं त्या थरातच आहे. आंबटाने तो थर गेला की खाली गुलाबी, खड्डे पडलेली चकती उरते. लख्ख दिसेल, पण तिच्यावर कोणी राहणार नाही.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, नळाचं पाणी नको कारण त्यात क्लोरीन असतं. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, अधूनमधून मऊ टूथब्रश फिरवा, अडलेली माती लाकडी टूथपिकने भिंगाखाली हळू हळू काढा. महिने लागतात हो, घाई असेल तर हा नाद करूच नका. आणि लॉटकडून फार आशा ठेवू नका, चांगली नाणी विकणाऱ्याने आधीच वेचून काढलेली असतात.

अल्बममधल्या दोन नाण्यांवर पावसाळ्यात फिकट हिरवी पावडर आली. पुसली, पुन्हा आली. बुरशी आहे का? (डोंबिवली)

बुरशी नाही, तिच्यापेक्षा वाईट. याला ब्राँझ डिसीज म्हणतात. जमिनीतले क्लोराइड धातूत मुरलेले असतात, त्यांना ओलावा आणि हवा मिळाली की आम्ल तयार होतं, ते तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, पुन्हा आम्ल, चक्र चालूच. पॅटिना कडक असतो, ही पावडर मात्र टूथपिकने खरवडली की लगेच भुरभुरते आणि खाली खड्डा दिसतो.

ती दोन नाणी आजच वेगळी करा. पावडर कोरडीच खरवडा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही आठवडे ठेवा, पाणी बदलत राहा, नंतर बल्बखाली खडखडीत वाळवा आणि घट्ट डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. कोकणात आणि मुंबईकडे जून ते सप्टेंबर तो डबा उगाच उघडायचा नाही, आणि जेलच्या पुड्या मधून मधून तापवून कोरड्या करायच्या.

एक मात्र आधी बघा, हिरवं चिकट लागतंय का? चिकट असेल तर तो डिसीज नसून अल्बमच्या मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटाचा प्रताप आहे, ॲसिटोनने निघतो. खिडकी उघडी ठेवून करा, गॅसजवळ नको. आणि अल्बम फेकून द्या.

नाणं घेतलं, पण वाचायचं कसं? लॅटिन येत नाही. (नाशिक)

यायला नकोच, आठ-दहा तुकडे ओळखता आले की झालं. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरच करू. पुढच्या बाजूला मोत्यांची पट्टी बांधलेलं डोकं आहे, डावीकडून वाचा: 'डी एन', म्हणजे आमचे स्वामी, मग 'कॉन्स्टँटियस', शेवटी 'पी एफ ऑग', म्हणजे धर्मनिष्ठ, भाग्यवान, सम्राट. यू च्या जागी व्ही कोरलेला असतो, त्याने गोंधळू नका. झाला माणूस नक्की, कॉन्स्टंटाइनचा मुलगा दुसरा कॉन्स्टँटियस.

मागच्या बाजूला सैनिक घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला खुपसतोय, तो बिचारा मागे वळून हात वर करतोय. भोवती 'फेल टेंप रेपारातिओ', म्हणजे सुखाचे दिवस परत आले. हे ३४८ मध्ये सुरू झालं, तेव्हा नाणं चांगलं जाडजूड होतं, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत घोषणा तीच राहिली, नाणं मात्र निम्म्यावर आलं! सुखाचे दिवस म्हणे. तुमचं साधारण १७ मिलिमीटरचं दिसतंय, म्हणजे शेवटी शेवटीचं.

आता सगळ्यात खाली, रेघेखाली बघा: 'एस एम के' आणि पुढे एक ग्रीक अक्षर. एस एम म्हणजे सरकारी टांकसाळ, के म्हणजे सिझिकस, आजच्या तुर्कस्तानात मार्मारा समुद्रावर, आणि ते ग्रीक अक्षर म्हणजे टांकसाळीतली कितवी कार्यशाळा. एवढं हातात आलं की अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या 'ओसीआरई' या फुकट ऑनलाइन कॅटलॉगमध्ये शोधा, नंबर मिळेल.

इथे एक जण घरोघरी रोमन नाणी विकतोय, नदीत सापडली म्हणतो. घेऊ का? (कोल्हापूर)

नका घेऊ. कोल्हापूरचा रोमशी संबंध खरा आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननातला तो छोटा ब्राँझ पोसायडन (ग्रीकांचा समुद्रदेव) टाउन हॉल म्युझियममध्ये जाऊन बघाच. पण भारतात रोमन नाणी सापडली ती बहुतेक दक्षिणेत, आणि सोन्या-चांदीची. उशिराच्या काळातलं बारकं ब्राँझ मिळतं ते तमिळनाडूत करूर, मदुराईकडे, आणि श्रीलंकेत.

तरी बघायचंच असेल तर लोहचुंबक लावा, चिकटलं तर विषय संपला. कडेला साच्याची शिवण आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुडे शोधा. आणि त्याच्याकडची दोन सारखी नाणी शेजारी ठेवा. ही नाणी हातोड्याने एकेक पाडलेली असतात, त्यामुळे चीर आणि वाकडेपणा दोन्हीत एकाच जागी असेल तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली आहेत.

आणि समजा खरंच नदीत सापडली असतील, तर आणखीच लांब राहा. १८७८ च्या निखात निधी (म्हणजे पुरलेलं धन) कायद्याने असा साठा कलेक्टरला कळवावा लागतो. शिवाय पुरातन वस्तूंचा धंदा करायला १९७२ च्या कायद्याखाली लायसन लागतं, ते दाखव म्हणा त्याला.

माझी १५ रोमन नाणी दिवाळीत आजोबांना दाखवायला भारतात आणायची आहेत. परत नेताना अडचण येईल का? (न्यू जर्सी)

येऊ शकते, मोठी. शंभर वर्षांहून जुनं नाणं आपल्याकडे पुरातन वस्तूत मोडतं आणि ते देशाबाहेर न्यायला खासगी माणसाला बंदी आहे. नाणं रोमचं, विकत घेतलं अमेरिकेत, हे सगळं विमानतळावर रात्री दोन वाजता कस्टमवाल्याला पटवत बसणार का? फोटो मोठे प्रिंट करून आणा. आजोबांना भिंगाशिवाय वाचता येतील.