टॅप घेताना आधी केबल बघ

बाळा, सांवेर रोडच्या शेडमधला तुझा टॅप, म्हणजे मोठ्या लाइनवरून काढलेला फाटा, पाहिला. 200 अँपिअरच्या फीडरवरून (मुख्य पुरवठ्याच्या लाइनवरून) 16 चौरस मिलिमीटर तांब्याची केबल काढलीस, पण पुढे एमसीसीबीच (जादा करंट आला की वीज तोडणारा ब्रेकर) नाही! ती केबल शंभर अँपिअरवर तासन्‌तास तापत राहील आणि मागचा 200 चा ब्रेकर ढिम्म हलणार नाही. मला याचीच धास्ती वाटते.

ब्रेकर लोडपेक्षा मोठा, पण केबलच्या क्षमतेपेक्षा लहान हवा. आणि क्षमता म्हणजे आपल्या इंदूरच्या मे महिन्यातली बरं का: 30 अंश तापमानाच्या तक्त्यातला पीव्हीसी आवरणाच्या केबलचा आकडा 45 अंशांना 0.79 ने गुणायचा.

एमसीसीबी शक्यतो टॅपच्या तोंडाशीच लाव. जागा नसेल तर आयएस 732, म्हणजे वायरिंगचं भारतीय मानक, तो टॅपपासून तीन मीटरपर्यंत पुढे लावायची सूट देतं, पण मधे दुसरा फाटा नको, शॉर्टची शक्यता कमीत कमी हवी, जवळ जळाऊ माल नको. तिथे तर खोक्यांची थप्पी आहे. ती आजच हलव.