टीमच्या ग्रुपसाठी हवा तसा बदलता येणारा चॅट बॉट स्वतः बनवावा का? चालवायला किती त्रास पडतो?

बनवा. बनवायला दोन संध्याकाळी पुरतात. त्रास आहे तो पुढे, आणि तुमच्या प्रश्नाचा तोच अर्धा भाग महत्त्वाचा असल्याने त्यावरच जास्त लिहितो.

मी नाशिकजवळ, पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही सांभाळतो. माणसं पंचवीसेक: प्लॉटवर तोडणी बघणारे सुपरवायझर, गाडीवाले, पॅकिंगची लाइन, प्रीकूलिंगचा (माल आधी गार करायच्या खोलीचा) ऑपरेटर आणि ऑफिस. सगळे एकाच ग्रुपवर. सीझनमध्ये दिवसभर दोनच प्रश्न फिरत असायचे. ‘दिंडोरीची गाडी निघाली का?’ आणि ‘आत किती क्रेट गेले?’ या दोन प्रश्नांपुरताच बॉट केला. नाव ठेवलं दिवाणजी.

व्हॉट्सॲपवर करायचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला होता. पण साध्या नंबरवर बॉट चालवणाऱ्या ज्या लायब्रऱ्या मिळतात त्या अनधिकृत असतात आणि नंबर कधीही बंद होऊ शकतो. ऐन तोडणीत ऑफिसचा नंबर गेला तर शेतकरी फोन करणार कुठे? म्हणून टेलिग्राम. तिथे २०१५ पासून बॉटसाठी अधिकृत सोय आहे आणि ती फुकट आहे. बॉटफादर नावाचा त्यांचाच बॉट आहे, त्याला विचारलं की तो टोकन (बॉटची गुप्त किल्ली) देतो, बाकीचं पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत. तुमची टीम स्लॅक या ऑफिसच्या चॅट ॲपवर असेल तर एक ध्यानात ठेवा: स्लॅशचा (‘/’ ने सुरू होणारा) आदेश आला की तीन सेकंदांत पोच द्यावी लागते. तेव्हा आधी ‘बघतो’ म्हणायचं आणि उत्तर मागाहून द्यायचं. (आपल्याकडे ही कला शिकवावी लागत नाही.)

तयार सांगाडे आहेत. कोड ठेवायच्या गिटहब या साइटने २०११ मध्ये खुला केलेला हूबॉट आहे, पायथॉनवाल्यांसाठी एररबॉट आहे. मी ते जसेच्या तसे घेतले नाहीत, पण हूबॉटच्या दोन गोष्टी उचलल्या. पहिली म्हणजे अडॅप्टर. बॉटचं डोकं एका फाइलमध्ये आणि टेलिग्रामशी बोलणारा भाग दुसऱ्या, म्हणजे उद्या ॲप बदललं तरी डोकं तसंच राहतं. दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. हूबॉटमध्ये ग्रुपमधलं सगळं ऐकणं आणि नावाने हाक मारल्यावरच बोलणं, ही दोन कामं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. का, ते सांगतो.

बदलता यावा म्हणून मी एक गूगल शीट केलं होतं. एका रकान्यात शब्द, शेजारी उत्तर. बॉट दर पाच मिनिटांनी ते वाचायचा. सुपरवायझरने स्वतः ओळ घालायची, मला फोन करायचा नाही. कल्पना चांगलीच होती आणि अजूनही तीच चालते. पण बॉट तेव्हा ग्रुपमधलं सगळं ऐकत होता, आणि एकाने शब्दाच्या रकान्यात नुसतं ‘माल’ लिहिलं. द्राक्षाच्या ग्रुपवर ‘माल’ हा शब्द नसलेला मेसेज शोधून सापडायचा नाही! दुपारपर्यंत दिवाणजी प्रत्येकाला गाडीच्या वेळा सांगत सुटला आणि संध्याकाळी अर्ध्या लोकांनी ग्रुप म्यूट केला. ती माणसं परत मिळवायला आठवडा गेला. टेलिग्रामचा प्रायव्हसी मोड सुरुवातीला चालूच असतो; त्यात ग्रुपमधल्या स्लॅशच्या आदेशांसारखे मोजकेच मेसेज बॉटपर्यंत पोचतात. मी हौसेने तो बंद केला होता. तुम्ही करू नका. तो बदललात तर बॉटला ग्रुपमधून काढून पुन्हा घ्यावं लागतं, आणि बॉटला ॲडमिन केलंत तर त्याला तसंही सगळं ऐकू जातं, हेही ध्यानात असू द्या.

आता मराठीचं दुखणं. हे इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. टेलिग्राममध्ये स्लॅशपुढचा आदेश इंग्रजी अक्षरांतच चालतो. आमच्या गाडीवाल्यांना तो कीबोर्ड बदलायचा कंटाळा, म्हणून मी बटणं दिली. बटणावरची अक्षरं मराठीत चालतात, पण बटण दाबल्यावर मागे जो मजकूर येतो त्याला ६४ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. ‘प्रीकूलिंग पिंपळगाव बसवंत’ एवढ्यालाच ७१ बाइट लागतात. एरर येत राहिली आणि मी दोन दिवस नेटला दोष देत बसलो. आता बटणामागे नुसता आकडा ठेवतो आणि त्याचा अर्थ बॉटच्या तक्त्यात शोधतो.

शब्द ओळखण्यातही तीच गत. पायथॉनच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधायच्या पद्धतीत) ‘शब्दातलं अक्षर’ या खुणेत काना-मात्रा आणि हलन्त बसत नाहीत, त्यामुळे ‘द्राक्ष’ लिहिलं की त्याचे द, र, क, ष असे चार तुकडे पडतात. सरळ मोकळ्या जागेवर वाक्य तोडा, भानगड मिटते. ‘ॲ’ हे अक्षर एका कीबोर्डवर एक खूण असतं, तर दुसऱ्यावर अ आणि त्यावर चंद्र अशा दोन खुणा. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य सुद्धा दोन तऱ्हांनी लिहिला जातो. डोळ्यांना सारखंच दिसतं, बॉटला वेगळं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करणं) हे दोन्ही एक करत नाही, तेव्हा बदली करणाऱ्या दोन ओळी स्वतः लिहाव्या लागतात. एक सुख मात्र आहे: कुणी ‘१२०’ असं मराठी आकड्यांत पाठवलं तर पायथॉन ते मुकाट्याने संख्या म्हणून घेतं. जावास्क्रिप्ट घेत नाही.

चालवण्याचं म्हणाल तर आमचा बॉट ऑफिसातल्या जुन्या लॅपटॉपवर चालतो. सर्व्हर भाड्याने घ्यायची गरज पडली नाही, कारण ‘नवीन काही आहे का?’ असं बॉटनेच टेलिग्रामला विचारत राहायची पद्धत घेतली. वेबहूक, म्हणजे टेलिग्रामनेच मेसेज आपल्याकडे ढकलायची पद्धत, लावला असता तर बाहेरून पोचता येणारा पत्ता आणि एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) सांभाळावं लागलं असतं. एकदा रात्री लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर टिकला, राउटर नाही. टेलिग्राम न उचललेले मेसेज २४ तासांपर्यंत धरून ठेवतं. पहाटे राउटर सुरू झाल्यावर दिवाणजीने रात्रभराच्या सगळ्या प्रश्नांना एकदम उत्तरं दिली, तीही तेव्हाच्या आकड्यांनी. प्लॉटवरच्या सुपरवायझरला वाटलं दुसरी गाडी निघाली. तेव्हापासून नियम केला: प्रश्न दहा मिनिटांपेक्षा जुना असेल तर सोडून द्यायचा, पण क्रेटची नोंद असेल तर कितीही जुनी असो, मेसेजच्या मूळ वेळेसकट लिहून घ्यायची. हा फरक तुमच्या कामातही असणार. कुठला मेसेज शिळा होतो आणि कुठला होत नाही, हे कोड लिहायच्या आधी टीमला विचारा.

आणखी एक फजिती. घरी बसून सुधारणा करताना मी तोच बॉट घरच्या मशीनवर सुरू केला. एकाच टोकनवर दोघे विचारू लागले की ४०९ नंबरची एरर येते आणि मेसेज कधी इकडे, कधी तिकडे जातात. चाचणीसाठी दुसरा बॉट काढा, त्याला पैसे पडत नाहीत. टोकन कोडमध्ये लिहून गिटहबवर चढवू नका. चढलंच तर बॉटफादरकडून लगेच रद्द करून घ्या. बॉट नावाने कुणालाही सापडतो, म्हणून नोंद करू शकणाऱ्यांचे टेलिग्रामचे आकडी आयडी एका यादीत ठेवा आणि बाकीच्यांना नुसतं ‘नमस्कार’.

एका ग्रुपमध्ये मिनिटाला वीसच्या वर मेसेज पाठवले की टेलिग्राम अडवतं. मी दिवसअखेरीस प्रत्येक शेतकऱ्याची ओळ वेगळी पाठवत होतो, निम्म्या गेल्याच नाहीत. आता एकच मेसेज जातो, फक्त ४०९६ अक्षरांच्या आत बसवावा लागतो. आणि साधा ग्रुप सुपरग्रुप झाला की त्याचा आयडी बदलतो. बॉट अचानक मुका झाला तर आधी तेच बघा.

एआय जोडावं का, हाही प्रश्न तुम्हाला पडेल. क्रेटच्या आकड्यांसाठी मी तरी जोडणार नाही. दिवाणजीला माहीत नसेल तर तो ‘नोंद नाही’ म्हणतो, आणि लोक त्याच्यावर विसंबतात ते एवढ्यामुळेच.

सीझनमध्ये मला आठवड्याला तासभर लागतो, तोही बहुतेक शीटमधल्या चुका निस्तरण्यात. बॉट बंद पडलाय हे आपल्याला कळतच नाही, म्हणून तो रोज सकाळी सात वाजता ग्रुपवर ‘हजर’ एवढंच टाकतो. मागच्या महिन्यात एक दिवस ते आलं नाही, तर सात वाजून दहा मिनिटांनी प्रीकूलिंगच्या ऑपरेटरचा फोन: “साहेब, दिवाणजी आज रजेवर आहेत का?” झाडणाऱ्या मावशींनी चार्जर काढला होता.