हळदीआधी उजळ व्हायचंय…

या महिन्यात आलेल्या पत्रांत रंग उजळवण्याबद्दलची पत्रं इतकी होती की बाकीचे विषय बाजूला ठेवले आहेत. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तरं देतो आहोत.

लग्नाला अडीच महिने आहेत. मैत्रिणीने सांगितलेली ट्यूब मेडिकलमधून आणून सात-आठ महिने लावते आहे. रंग खरंच उजळला. पण दोन दिवस नाही लावली तर चेहरा लालबुंद होतो, आग होते, पुळ्या येतात. त्वचेला सवय लागली का? – एक वाचक, लातूर

हो, सवयच लागली आहे. ट्यूबच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एक नाव दिसलं, की ते स्टेरॉइड. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असेल तर हे मिश्रण वांगावरचं औषध आहे. डॉक्टर ते रात्री एकदा, फक्त डागांवर आणि साधारण आठ आठवड्यांपुरतंच देतात. गोरं होण्याचं क्रीम म्हणून ते बनलेलंच नाही. स्टेरॉइडच्या 14 मलमांना मार्च 2018 मध्ये सरकारने ‘शेड्यूल एच’मध्ये टाकलं, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही ती सर्रास मिळतात.

स्टेरॉइडने त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा फिका दिसतो. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, ट्रेटिनॉइन वरचा थर सोलतं. पहिल्या महिन्यात सगळे विचारतात, ‘काय लावतेस गं?’ पुढे त्वचा पातळ होते, गालावर लाल रेषा उमटतात, लव वाढते, चुलीपाशी किंवा उन्हात उभं राहिलं की चेहरा पेटतो. ट्यूब बंद केली की आकसलेल्या वाहिन्या एकदम फुगतात. बाईला वाटतं, क्रीम चांगलं होतं, बंद केलं म्हणून बिघडलं. ती पुन्हा लावते. असं करत वर्षं जातात, आणि यात तिचा काही मूर्खपणा नाही. औषधाचा गुणच तसा आहे.

आता काय करायचं? या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि ट्यूब सोबत न्या. एकदम थांबवायची की हळूहळू सौम्य औषधावर यायचं, हे तुमचा चेहरा बघून तेच ठरवतील. दरम्यान साध्या, बिनवासाच्या फेसवॉशने दिवसातून दोनदाच तोंड धुवा. बिनवासाचं मॉइश्चरायझर दोन-तीनदा लावा. आग झाली की गार पाण्यात पिळलेला सुती रुमाल दहा मिनिटं ठेवा. बर्फ थेट घासू नका. सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा जास्तीचं घ्या. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या पूर्ण लांबीएवढं चेहरा-मानेला लागतं. वाटाण्याएवढं लावून उपयोग नाही. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. लिंबू, बेसन, स्क्रब, ब्लीच, फेशियल सगळं बंद.

लालसरपणा बसायला बऱ्याचदा तीन महिन्यांहून जास्त लागतात, तेव्हा लग्नापर्यंत चेहरा पूर्ण निवळेलच असं नाही. हळदीच्या दिवशी हळद हातापायांना लावून घ्या आणि गालाला फक्त बोट टेकवायला सांगा, हे आईला आजच सांगून ठेवा. मेकअपवालीकडून महिनाभर आधी कानामागे थोडा बेस लावून दोन दिवस बघा. आणि लग्नानंतर दिवस राहण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, कारण ट्रेटिनॉइन व हायड्रोक्विनोन गरोदरपणात लावत नाहीत.

आमच्या पार्लरवाल्या ताई बिनलेबलची पांढरी डबी देतात. ‘लावताना सोन्याची अंगठी काढून ठेवा,’ म्हणतात. असं का? – एक वाचक, परभणी

डबीतलं क्रीम लावणं आजच बंद करा. सोन्याचांदीला लावू नका असं सांगितलं जातं तेव्हा पाऱ्याचा संशय घ्यायचा, कारण पारा सोन्याला चिकटून ते पांढरं पाडतो. पारा रंगद्रव्य बनवणारं एन्झाइम अडवतो. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना अशाच क्रीमने इजा झाली होती. पारा आहे हे मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघड झालं. केरळात मलप्पुरमलाही 2023 मध्ये असे रुग्ण सापडले.

लघवीला न मोडणारा फेस येणं, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी घोट्यांवर सूज, हातांची थरथर ही लक्षणं. पण ती दिसेपर्यंत थांबू नका. रक्तदाब बघा, लघवीतलं प्रोटीन तपासा आणि डॉक्टरांना लघवीतल्या पाऱ्याची तपासणी विचारा. टॉवेल, उशीचे अभ्रे वेगळे धुवा. लहान मुलं गालाला गाल लावतात, त्यांनाही पारा लागतो. डबी मोरीत ओतू नका. घट्ट पिशवीत बांधून ठेवा, तपासणीला तीच लागेल. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करायची. कायदेशीर डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत असते; परदेशी मालावर आयातदार आणि नोंदणी क्रमांकही. ताईंना आधी हेच दाखवा. त्यांच्याही हाताला रोज तोच पारा लागतो आहे.

पगार 18,000. त्यातले 3,000 दर महिन्याला त्वचेच्या उपचारांवर जातात, कारण नवरा मला ‘काळी’ म्हणतो आणि समारंभाला नेत नाही. वर म्हणतो, ‘तुझे पैसे, तुझा निर्णय, हेच तर सक्षमीकरण.’ – एक वाचक, नाशिक

तुम्ही 3,000 देणं थांबवलं तर घरात काय होईल, हे कागदावर लिहा. काहीच होणार नसेल तर तो तुमचा निर्णय, खुशाल करा; नटण्यात कमीपणा काहीच नाही. टोमणे वाढणार असतील, बोलणं बंद होणार असेल, तर तो निर्णय तुमचा नाही. तुम्ही वर्षाला 36,000 दंड भरता आहात. हीच रक्कम फक्त तुमच्या नावावरच्या आवर्ती ठेवीत टाकलीत तर अडीच वर्षांत मुद्दलच 90,000 होईल.

रंगावरून हिणवणं हा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक व भावनिक छळ आहे. मारहाण झाली पाहिजे अशी अट नाही. या कायद्याखाली नेमलेल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा. घटनेचा अहवाल तेच भरून देतात. न्यायालयात अर्ज दिल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि त्यापुढच्या 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो, म्हणून नोंदी पक्क्या हव्यात: तारीख, नेमके शब्द, कोण हजर होतं. व्हॉट्सअॅपवरचे मेसेज पुसू नका. फौजदारी गुन्ह्याची वाट मात्र अवघड आहे. साताऱ्याच्या 1995 च्या प्रकरणात, पत्नीने जीव दिला असतानाही, मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये रंगावरचे टोमणे गुन्हा ठरण्याइतके गंभीर मानले नाहीत आणि पतीला सोडलं. ते वाचून खचू नका. संरक्षणाचा आदेश हा वेगळा, दिवाणी स्वरूपाचा मार्ग आहे आणि तो तुम्हाला खुला आहे.

मुलीच्या बायोडाटात ‘रंग’ काय लिहू? गव्हाळ की निमगोरा? – एक आई, सांगली

ती ओळच काढून टाका. त्या जागी लग्नानंतर नोकरी कुठे करायची आहे ते मुलीला विचारून लिहा. फोटो दिवसाउजेडातला, फिल्टरशिवाय. फोनवर कुणी ‘रंगाने कशी आहे?’ विचारलंच तर म्हणा, ‘फोटो पाठवलाय. मुलाचा पाठवा.’